डिकीखालचं इंजिन

गावभाग, सांगली

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या जुन्या बीएमडब्ल्यू आय-थ्रीचे, त्या विजेवरच्या गाडीचे, फोटो पोचले. लाइपझिगच्या कारखान्यात बनलेली गाडी लाइपझिगमध्येच तुझ्या दारात आली, म्हणजे माहेर काही सुटलं नाही तिचं. आईचं लक्ष टायरांवर. "सायकलीची बसवलीत का?" म्हणाली. अरुंद आहेत पण 19 इंची, असं सांगून गप्प केलंय.

मला मात्र डिकीखालच्या इंजिनाचं कौतुक. दोन सिलिंडर, 647 सीसी, मूळचं स्कूटरचं, आणि चाकांशी काही संबंध नाही! बॅटरी उतरली की विजेसाठी नुसता जनरेटर फिरवायचा. लहानपणी मिरज जंक्शनवर डिझेलचं इंजिन बघायला हट्ट करायचीस, त्यातही हेच असतं. डिझेल जनरेटर फिरवतं, चाकं मोटरा फिरवतात. 40 वर्षं मोटरा रिवाइंड करून शेवटी लेकीच्या गाडीतही वाइंडिंगच निघालं.

आता कामाचं. "बाबा, चार महिने पेट्रोलला हातच लावला नाही" असं फोनवर फुशारकीनं म्हणालीस, तिथंच माझ्या पोटात गोळा आला.

2019 च्या ऑगस्टात तू पुण्यात होतीस. महापूर, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर, आम्ही माडीवर, लाईट नाही. गल्लीतली सात-आठ माणसं मोबाइल घेऊन आमच्याकडं, कारण काकांकडं जनरेटर. तो दिवाळीपासून पोत्याखाली झाकलेला. दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली, साधं फुर्र नाही. कार्बोरेटरची वाटी खोलली तर पेट्रोलला वार्निशचा वास, तळाला काकवीसारखा चिकटा, जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, गच्च. शेवटी तांब्याच्या तारेचा एक पेड घालून जेट मोकळा केला, तेव्हा रात्री साडेअकराला पेटला. आईनं तो विषय अजून सोडलेला नाही.

तुझ्या गाडीला कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे, मान्य. गाडी अधूनमधून आपणहून इंजिन फिरवून घेते म्हणे. तरी पेट्रोल ते पेट्रोल. इथेनॉलवालं तर हवेतली ओल ओढतं (इकडं आता 20 टक्के, त्यात आपल्या उसाचंही). टाकी नऊ लिटरचीच आहे. थोडं भर, वापरून संपव, मग ताजं घाल.

आणि चढाचं बघ. मोटर 125 किलोवॅटची, जनरेटर 25 च्या आसपास. सपाटीला तो पुरेल, लांब चढ वेगात घेतलास तर मोटरीची भूक त्याच्यानं भागायची नाही, बाकीचं बॅटरीतूनच जाणार. बॅटरी तळाला जाईपर्यंत वाट बघू नकोस. तिकडच्या गाड्यांत चार्ज 75 टक्क्यांखाली आला की इंजिन मेनूतून हातानं सुरू करता येतं. डोंगर समोर दिसायच्या आधीच कर. थंडीत हीटरही त्याच बॅटरीवर, हे धरून चाल.

रविवारी फोन करशील तेव्हा इंजिन सुरू कर आणि मोबाइल मागं डिकीपाशी धर. दोन मिनिटं काही बोलू नकोस, मला नुसतं ऐकू दे.

तुझे,
बाबा