कामगार मंत्र्यांना खुले पत्र : मुलाखतीच्या नावाखाली आम्हाला दारोदार फिरवणं थांबवा

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळुरू

महोदय,
स.न.वि.वि.

मी खानापूर तालुक्यातली, बी.कॉम. झालेली मुलगी. शाळा मराठी माध्यमाची, कन्नड लिहिता-वाचता येतं, टॅलीचा कोर्स केलाय. मंत्र्यांना पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. गेल्या आठवड्यात बेळगावात एक रोजगार मेळावा भरला होता. त्यात "नोकरी मिळालेल्या" उमेदवारांचा जो आकडा जाहीर झाला, त्या आकड्यात मी आहे आणि मला नोकरी मिळालेली नाही. म्हणून हे पत्र.

मेळाव्याच्या दारावर 'थेट मुलाखत, जागेवर नेमणूक' असा फलक होता. आत एका टेबलावर लिहिलेलं, 'ऑफिस स्टाफ, पदवीधर, पगार 18,000 ते 25,000, अनुभवाची गरज नाही'. रांगेत उभी राहिले. नाव, गाव आणि शिक्षण विचारलं. मग "लोकांशी बोलायला लाजता का?" आणि "वर्षभरात किती कमवायचंय?" झाली मुलाखत. हातात एक कागद दिला आणि व्यासपीठावर नेऊन फोटो काढला. कागदावर माझं नाव आणि 'अभिनंदन' याखेरीज काही नव्हतं. पगार नाही, पत्ता नाही, सही नाही. तरी मी आईला तिथूनच फोन केला, की नोकरी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलेल्या ठिकाणी गेले. तिसरा मजला, दोन खोल्या, खाली बोर्ड नाही. आत वीस-पंचवीस पोरं-पोरी गोल करून टाळ्या वाजवत ओरडत होती. काल ज्याने जास्त माल विकला त्याच्या नावाने घंटा वाजत होती. एक टाय लावलेला मुलगा म्हणाला, "तुमची सेकंड राऊंड आज फील्डवर आहे." माझ्या खांद्यावर बॅग दिली. भांड्यांचं लिक्विड, फरशीचं लिक्विड, कंबरदुखीचा पट्टा. एका सीनियर मुलीबरोबर मला टिळकवाडीला पाठवलं. तिथून हिंदवाडी, तिथून भाग्यनगर. संध्याकाळपर्यंत बॅग माझ्याच खांद्यावर होती.

दुपारी त्या मुलीनेच खरं सांगितलं, तेही मी जेवणाचा डबा तिच्यापुढे सरकवल्यावर. पगार नावाची गोष्टच नाही. अडीचशेची बाटली विकली तर पन्नास रुपये आपले. दिवसाला चार बाटल्या गेल्या तर नशीब, त्यातून चहा-नाष्टा आपला. संध्याकाळी परत गेल्यावर टायवाल्याने "तुम्ही पास झालात" असं सांगितलं आणि किटचे दीड हजार डिपॉझिट मागितलं, वर ओरिजनल मार्क्स कार्ड, म्हणजे गुणपत्रिका. मी दोन्ही दिलं नाही. माझ्याबरोबरच्या दोघींनी दिलं. त्यातल्या एकीने आईच्या बचत गटातून पैसे उचलले होते. आता कार्ड परत मागितलं की तिला सांगतात, "आधी टार्गेट पूर्ण करा."

साहेब, हे एका दुकानाचं रडगाणं नाही. माझ्या ओळखीतल्या निम्म्या मुला-मुलींनी ही मुलाखत दिलीय. निपाणीच्या एका मुलाला 'बँकेत काम' म्हणून बोलावलं आणि 'हे पेन मला विकून दाखव' म्हणाले. शहापूरच्या एकीला पहिल्या दिवशी मोबाइलमधल्या पन्नास ओळखीच्या लोकांची नावं लिहून काढायला लावली. मामा, मावशी, शाळेतल्या बाई, सगळ्यांची. ती नावं हाच त्यांचा माल. एकाला जेवणाखाण्याची सोय आहे म्हणून हुबळीला नेलं. तिथे एका खोलीत पंधरा जण जमिनीवर झोपत होते आणि घरी फोन केला तर 'निगेटिव्ह बोलू नका' म्हणून दम भरायचे. जाहिरातीत विक्री हा शब्द नसतो. 'स्टाफ पाहिजे', 'ॲडमिन', 'ट्रेनी मॅनेजर' असं काहीतरी असतं. सगळीकडे तेच वचन : सहा महिन्यांत असिस्टंट मॅनेजर, वर्षात स्वतःचं ऑफिस.

दारोदार माल विकण्याची मला लाज नाही. माझी आजी डोक्यावर बुट्टी घेऊन भाजी विकायची. पण संध्याकाळी तिचे पैसे तिच्या कनवटीला असायचे आणि सकाळी निघताना तिला ठाऊक असायचं की आपण भाजी विकायला चाललोय.

त्या दिवशीची एक गोष्ट मला विसरता येत नाही. भाग्यनगरात एका घराची बेल वाजवण्याआधी सीनियर मुलीने मला मागे ओढलं. म्हणाली, "आधी दारातल्या चपला बघायच्या. बाईमाणसाची चप्पल दिसली नाही तर उंबरा ओलांडायचा नाही. कुणी 'आत या की, पाणी घ्या' म्हटलं तरी नाही." हे तिला कुणी शिकवलं, असं विचारलं. ती गप्प राहिली. पुढची दोन घरं ती बोललीच नाही. तिच्या गळ्यात ओळखपत्र नव्हतं, माझ्याही नव्हतं. आमच्यापैकी एकीला काही झालं असतं, तर ती कुणाची माणूस म्हणून पोलिसांनी लिहून घेतलं असतं?

केंद्राच्या 2021 च्या थेट विक्री नियमांत स्पष्ट आहे की विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ किंवा परवानगी घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जाऊ नये. त्याआधीच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत विक्रेत्याकडून प्रवेश फी किंवा डेमोच्या सामानाचे पैसे घ्यायला मनाई आहे. आपल्या राज्याच्या 1961 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात नेमणुकीपासून तीस दिवसांत लेखी नेमणूकपत्र द्यायचं बंधन आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या. तेव्हा तर प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र मिळणार म्हणून केवढ्या जाहिराती झाल्या! मग मला मिळालेला तो 'अभिनंदन'वाला कागद कोणत्या संहितेत बसतो?

मी तक्रार घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले होते. तिथल्या साहेबांनी आधी विचारलं, नेमणूकपत्र कुठे आहे? नाही म्हटलं. मग म्हणाले, "तुम्ही कामगारच नाही, आम्ही काय करणार?" म्हणजे मालकाने कायदा मोडून नेमणूकपत्र दिलं नाही, आणि दिलं नाही म्हणून कायदा माझा नाही. चोराने पावती दिली नाही म्हणून चोरीची फिर्यादच घ्यायची नाही, असा हा न्याय झाला. उलट कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा बघा. त्यात पगार मिळो न मिळो, प्रशिक्षणार्थी असो की उमेदवारीवर असो, बाई कर्मचारीच धरलीय. कामानिमित्त ती जिथे जाईल ती जागाही कामाचीच जागा. एक कायदा मला बिनपगारी असूनही कर्मचारी मानतो. मग आपलं खातं का मानत नाही?

आता आपल्या सरकारच्या गॅरंटींबद्दल. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत आम्हा बायकांना सरकारी बसचं तिकीट लागत नाही. मी मनापासून आभार मानते, या बसमुळेच माझ्यासारख्या मुली खानापुराहून मुलाखतीला बेळगावात येऊ शकतात. पण ही बस या कंपन्यांच्या कामाला जुंपली गेलीय, हे आपल्याला कुणी सांगितलंय का? मी प्रवासखर्चाचं विचारलं तेव्हा टायवाला म्हणाला, "लेडीजला तिकीट कुठे आहे? म्हणून तर लांबचे रूट तुम्हाला." बैलहोंगल, गोकाक, हुक्केरी, सौंदत्ती असे लांबचे रूट मुलींना आणि शहरातल्या गल्ल्या मुलांना. तिन्हीसांजेला अनोळखी गावच्या स्टँडवर पोरी बॅगा घेऊन बसची वाट बघत बसतात. बस फुकट म्हणून माणूसही फुकट! सरकारी तिजोरीचा पैसा कुणाच्या धंद्यात मुरतोय, ते बघायला तरी एखादा अधिकारी पाठवा.

युवा निधीचं तर विचारूच नका. बेकार पदवीधराला महिना 3,000 आणि डिप्लोमावाल्याला 1,500, दोन वर्षं. 12 जानेवारी 2024 ला शिवमोग्ग्यात वाटप सुरू झालं. अट अशी की 2022-23 मध्ये किंवा त्यानंतर पास झालेला हवा. मी 2021 ची, कोविडात पास झालेली. आमच्या वर्षाची बेकारी सरकारच्या हिशेबात धरलेलीच नाही. आणि ज्यांना तो निधी मिळतो त्यांना या कंपन्या काय सांगतात? "आमच्याकडे या, नेमणूकपत्र देतच नाही, त्यामुळे तुमचा निधी बंद पडायची भीती नाही." बेकायदा वागणं हे मुलाखतीत सवलत म्हणून सांगितलं जातं, आणि चोवीस वर्षांच्या मुलाकडून खोटं स्वयंघोषणापत्र भरून घेतलं जातं. उद्या पकडला गेला तर गुन्हेगार तो.

तुम्ही म्हणाल, मग अशा ठिकाणी जाता कशाला? कारण दुसरीकडे जायला जागा नाही. उद्यमबागेच्या फाउंड्र्यांना फिटर-टर्नर हवेत, बी.कॉम. झालेली मुलगी नको. वडगाव-शहापूरचे माग बंद पडत चाललेत, साड्या विणणाऱ्यांची पोरं गोव्याला हॉटेलात नाहीतर पुण्याला कंपनीत. आयटी, स्टार्टअप वगैरे जे काही येतं ते बेंगळुरूला, इथून पाचशे किलोमीटरवर. आमच्या वाट्याला हलग्याची सुवर्ण विधानसौध, म्हणजे अधिवेशनाची इमारत आली. 2012 मध्ये राष्ट्रपतींनी उद्घाटन केलं, शेकडो कोटी खर्च झाले. डिसेंबरातले दहा-पंधरा दिवस सोडले तर बाकी वर्षभर त्या इमारतीचा आम्हाला काय उपयोग?

जुलै 2024 मध्ये आपल्याच मंत्रिमंडळाने स्थानिकांना नोकऱ्या देण्याचं विधेयक मंजूर केलं आणि उद्योगपती ओरडल्यावर दोन दिवसांत गुंडाळून ठेवलं. त्यात स्थानिक ठरायला इथला जन्म आणि वास्तव्य पुरत नाही, कन्नडही यायला हवं, शाळेत कन्नड नसेल तर त्याची परीक्षा पास व्हायची. मला कन्नड शिकायला हरकत नाही, शिकलेय. पण पिढ्यान् पिढ्या इथल्या मातीत राबलेल्या घरातल्या मुलीला स्थानिक असल्याचं सिद्ध करायला लावता, याचं दुःख होतं. त्या फील्डवर मला काय दिसलं सांगू? टिळकवाडीत मराठी, महांतेशनगरात कन्नड, पुढच्या गल्लीत उर्दू. सीनियर मुलगी तिन्ही भाषांत तितक्याच मायेने "अक्का, मामी, खाला" म्हणत होती. तिच्या तिन्ही भाषांची किंमत त्या लुबाडणाऱ्या टायवाल्याला कळली आणि सरकारला कळत नाही. दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड आहे की नाही ते मोजायला माणसं मिळतात. पाटीच नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर काय चालतं ते बघायला एकही मिळत नाही.

आणि पलीकडच्यांनाही मी सोडणार नाही. 22 डिसेंबर 2022 ला तुमच्या विधानसभेने एक इंचही जमीन देणार नाही म्हणून ठराव केला. पाचच दिवसांनी नागपुरात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने 865 गावं इंच इंच घेणार म्हणून ठराव केला. 2004 पासून या सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. माझी सगळी शाळा, सगळं कॉलेज त्या दाव्याच्या तारखांत गेलं. दोघांनाही जमीन हवी. त्या जमिनीवर बॅग घेऊन चालणाऱ्या मुलींचं पोट कसं चालतं, हे ना बेंगळुरूने विचारलं ना मुंबईने. हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची 1 नोव्हेंबरला जी काळ्या दिनाची फेरी निघते, तिच्यात मी लहानपणापासून चाललेय, पुढेही चालेन. पण नोकरीच्या दारात मला मराठी म्हणून नव्हे, आधी माणूस म्हणून उभं राहायचंय.

गेल्या वर्षी, 2025 मध्ये, डिलिव्हरीवाल्या आणि कॅबवाल्या पोरांसाठी आपल्या सरकारने गिग कामगारांचा कायदा केला. चांगलं केलं. त्यांच्या हातात ॲप आहे म्हणून ते दिसले. आमच्या हातात नुसती बॅग आहे.

तेव्हा माझं मागणं ऐका. विक्रीच्या कामाची जाहिरात देणाऱ्याने काम विक्रीचं आहे, पगार ठरलेला की नुसतं कमिशन, आणि माल कोणता, हे जाहिरातीतच लिहावं. 'फील्डवरची फेरी' हे काम आहे, त्या दिवसाची किमान मजुरी त्याच संध्याकाळी मिळाली पाहिजे. डिपॉझिट घेणाऱ्यावर आणि ओरिजनल मार्क्स कार्ड अडकवून ठेवणाऱ्यावर फौजदारी करा. ती कार्डं हेच आमचं सगळं भांडवल आहे. जी कंपनी पगार लेखी देत नाही तिला सरकारी मेळाव्यात टेबल देऊ नका. मेळाव्यात नोकरी लागली म्हणून ज्यांची नावं लिहिलीत, त्यांना तीन महिन्यांनी फोन करून विचारा आणि मग आकडा छापा. माझं नाव आजच काढा.

या पत्राची प्रत मी स्पीड पोस्टाने आपल्या कार्यालयाला पाठवत आहे. ती मराठीत आहे म्हणून परत पाठवू नये. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क मला घटनेच्या कलम 350 ने दिलाय. उत्तर कन्नडमध्ये दिलंत तरी चालेल, मी वाचू शकते. मात्र त्यात जिल्ह्यातल्या अशा किती ऑफिसांची तपासणी केली, कोणत्या तारखेला केली आणि किती मुलांची मार्क्स कार्डं परत मिळवून दिली, हे लिहिलेलं असावं.

आपली,
खानापूर तालुक्यातील एक पदवीधर