जिल्हाधिकारी साहेब, गावाखालचा नकाशा गावाला द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नागपूर

महोदय,

आमचं गाव कन्हानच्या खोऱ्यातलं. कोळशाची खदान बंद झाली, बाजार निम्मा झाला, पोरं हिंगणा-बुटीबोरीच्या एमआयडीसीत गेली आणि क्वार्टरांच्या लाइनीत आम्ही निवृत्त मंडळी उरलो. ते रडगाणं आज गात नाही. मी मायनिंग सरदार, म्हणजे खाणीत पाळीच्या सुरक्षेवर नजर ठेवणारा, होतो आणि माझी मागणी एकच आहे: गावाखालच्या जुन्या कामाचा, म्हणजे कोळसा काढलेल्या जागांचा, नकाशा ग्रामपंचायतीत लावा.

आमच्याकडे कोळसा बोर्ड अँड पिलर पद्धतीनं निघायचा. आधी उभ्या-आडव्या गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, काढायच्या, मधे कोळशाचे खांब सोडायचे आणि शेवटी तेही काढत मागे सरकायचं. खांब काढले तिथे कुठे नदीची वाळू भरली, कुठे छत पडू दिलं. वाळू भरलेली जमीन कमी धसते. छत पाडलेली जास्त धसते, पण बहुतेक लवकर धसून बसते. फसवी जमीन तिसरी, जिथे काम उथळ आहे आणि खांब अजून उभे आहेत. पंप बंद झाले की खाली पाणी भरतं, खांब हळूहळू कमजोर होतात आणि एखाद्या पावसाळ्यात वर अचानक खड्डा पडतो.

कोणाच्या घराखाली यातलं काय आहे, हे घरमालकाला माहीत नाही. तरी घरकुलांच्या जागा ठरतात, बोअर मारले जातात. माझ्या भिंतीला तिरकी भेग आहे. ती काळ्या मातीमुळे की गॅलरीमुळे, मला सांगता येत नाही. खाली असतो तर छताला दांडा ठोकून आवाजावरून सांगितलं असतं!

कोळसा खाण विनियमांनुसार खाण सोडताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. त्यांचं कार्यालय नागपुरातच आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्र कार्यालय आणि व्हीएनआयटीचा खनन अभियांत्रिकी विभागही इथेच. एका कार्यालयात मला सांगितलं गेलं, नकाशा पाहून लोक घाबरतील. साहेब, लोक आत्ताही घाबरतातच, फक्त नेमकं कुठे घाबरायचं ते त्यांना कळत नाही.

जुन्या कामाचा अंदाज चुकला की काय होतं, हे खाणवाल्यांना सांगावं लागत नाही. डिसेंबर १९७५ मध्ये धनबादजवळच्या चासनाला खाणीत जुन्या कामात साठलेलं पाणी फुटून आत आलं आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. तेव्हा धोका खाली होता. आमच्याकडे तो वर राहणाऱ्यांना आहे.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आपण आहात. आपण ते नकाशे मागवावेत, भूमी अभिलेखकडून गावनकाशावर गट क्रमांकांसह बसवून घ्यावेत आणि वाळू भरलेलं, पाडलेलं आणि खांबांवर उभं, असे तीन रंग द्यावेत. जुना नकाशा आजच्या मोजणीशी तंतोतंत जुळणार नाही, म्हणून शंकेच्या जागी भोक पाडून खात्री करावी लागेल. खर्च जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून करावा. तो निधी खाणबाधित लोकांसाठीच आहे, आणि खदान बंद झाली म्हणून आम्ही बाधित राहिलो नाही असं होत नाही.

घरकुलाच्या पुढच्या यादीवर सही होण्याआधी एवढं व्हावं. मोजणीवाले आले तर जुन्या इन्क्लाइनची (खाली उतरणाऱ्या बोगद्यांची) तोंडं आणि हवेची चाणकं (उभ्या विहिरी) कुठे होती ते दाखवायला मी येईन. आमच्या पाळीतले आणखी काही जण अजून चालू शकतात, तेही येतील.

आपला,
एक निवृत्त मायनिंग सरदार