डोंगरावर रंगपेटी उघडू न देणाऱ्या सरांचे आभार

आदरणीय सर,

समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र.

संध्याकाळच्या जलरंगचित्रासाठी डोंगर चढताना रंगपेटी पाठपिशवीतून काढायची नाही, हा तुमचा नियम नवख्यांना जाचक वाटतो. पण अंधारू लागलं की डोळेच दगा देतात: लाल काळवंडतो, निळा उजळ भासतो. लाल टॉर्च लावला तर कागदावरचा गुलाबी गायब, पांढरा लावला तर समोरचा डोंगर गायब! त्यापेक्षा तळहाताएवढ्या चौकटीत पेन्सिलीचं रेखाटन करून प्रत्येक डोंगररांगेवर गडदपणाचा 1 ते 5 आकडा टाकायचा, सर्वांत फिकट आकाश 1, सर्वांत गडद जवळचा कडा 5. हे आकडेच घरी चित्र तारून नेतात. फोटोवर विसंबू नका म्हणालात तेही खरंच. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा आपोआप साधलेला तोल, केशरी छटा धुऊन टाकतो. तो 'डेलाइट'वर ठेवून एक्स्पोजर थोडं उतरवलं की निदान आकाश तरी हाती लागतं.

आकाशाबद्दल तर विशेष आभार. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, सुती कागद, चारी कडांना टेप, बोर्ड किंचित कलता. क्षितिजाचा पिवळा आणि वरचा निळा थेट भिडले की आकाश हिरवट होतं. मधे फिकट अ‍ॅलिझरिनचा, म्हणजे गुलाबीकडे झुकणाऱ्या लाल रंगाचा, पट्टा हवा. कागदावर चकाकी आहे तोवरच ब्रश फिरवायचा. ती गेल्यावर ओला ब्रश टेकला, की पाणी अर्धवट वाळलेला रंग ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखी कड उमटते. ती पुसायला जाणं म्हणजे दुखणं वाढवणं.

रांगा मागून पुढे. अल्ट्रामरीन निळ्यामध्ये बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, आणि जवळ येऊ तसं पाणी कमी, सिएना जास्त. जलरंग वाळल्यावर फिकटतो, म्हणून मिश्रण एक छटा गडदच. थर वाळला का, ते पालथ्या हाताने बघायचं. गार लागला तर थांबायचं. रांगेचा पायथा स्वच्छ पाण्याने विरवला की दरीत धुकं आपोआप उतरतं.

चंद्रकोरीची उजळ बाजू मावळलेल्या सूर्याकडेच हवी, हे तुम्ही दाखवल्यापासून इतरांच्या चित्रांतले उलटे चंद्र खुपतात. मात्र कोरीसाठी कागद कोरा सोडण्याचा तुमचा हट्ट आम्हाला अजून पटत नाही. पांढरा गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, आम्ही वापरणारच.

तुमचे,
जलरंगाच्या वर्गातले विद्यार्थी