शेजारच्या घरच्या करंज्या आन् मोबाईलवरची आयत

संपादक साहेब, सलाम.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला कास्तकार, पाच एकर कोरडवाहू आहे. गावात आमचे मुसलमानाचे पंधरा-वीस घरं आन् ख्रिश्चनाचं एकच, आमच्या भिंतीले भिंत लागून. त्या घरची बाई दवाखान्यात सिस्टर होती, माझे दोन्ही लेकरं तिच्याच हातावर झाले. नाताळले तिच्याकडून करंज्या आन् केक येते, ईदले आमच्याकडून शीरखुर्मा जाते, अब्बाच्या वेळेपासून. यंदा ताट आलं त माझ्या पोरानं हातच लावला नाही. म्हणे ग्रुपवर मेसेज आला, ख्रिश्चनासोबत दोस्ती करू नका असं कुराणात आहे, सूरह (अध्याय) माइदा, आयत (वचन) ५१.

आयत आहे, खोटं नाही. पण मी त्याले म्हटलं बाबू, सूरह तीच राहू दे, जरा मागं जा, आयत ५ काढ. तिथं साफ आहे की अहले किताब म्हणजे यहुदी आन् ख्रिश्चन यायचं जेवण तुमाले हलाल, तुमचं त्यायले हलाल, आन् त्यायच्या शीलवान बाईशी निकाहसुद्धा जायज. जिच्यासंगं संसार चालते तिच्याशी दोस्ती चालत नाही, हे कसं जमन? ५१ मधला शब्द औलिया आहे, बऱ्याच आलिमांनी, म्हणजे धर्माच्या जाणकारांनी, त्याचा अर्थ लढाईच्या वेळचा पाठीराखा असा सांगतला. आन् आयत ८२ त म्हणते की मोमिनांशी (ईमानवाल्यांशी) मायेनं सगळ्यात जवळचे तेच, जे आपल्याले नसारा म्हणजे ख्रिश्चन म्हणतात. हे कोणी फॉरवर्ड काऊन करत नाही?

फरक आहे, मी लपवत नाही. ईसा अलैहिस्सलाम, म्हणजे येशू, बापाविना जन्मले हे आमीही मानतो, पण आमच्यासाठी ते पैगंबर, अल्लाहचे पुत्र नाही, आन् ते सुळावर मेले हेही आमी मानत नाही. सिस्टरबाईले हे माहीत आहे, तिचं मले माहीत आहे, इतक्या वर्षांत त्यावरून कधी आवाज चढला नाही. कुराणात नावानं आलेली बाई एकच, ईसांची आई मरियम, १९ वी सूरह तिच्याच नावाची. मक्केत छळ झाला तवा, इ.स. ६१५ च्या सुमारास, पैगंबर साहेबांनी आपले माणसं हबशाच्या (आजचा इथिओपिया, त्या बाजूच्या) ख्रिश्चन राजाकडं, नजाशीकडं धाडले. मक्केवाले नजराणे घेऊन त्यायले परत मागाले गेले, पण आसऱ्याले गेलेल्यांतल्या जाफर यांनी दरबारात हीच सूरह म्हणून दाखवली, राजा रडला आन् त्यानं माणसं दिले नाही, असं सीरतमध्ये, म्हणजे पैगंबर साहेबांच्या चरित्रात आहे. म्हणजे आमाले पहिला आसरा देणारा राजा ख्रिश्चनच की.

सगळंच गोड होतं असं म्हणत नाही. जुन्या मुसलमान राज्यांत बाकीच्या धर्मवाल्यायले जिझिया नावाचा कर भरा लागे, बरोबरीचा हक्क नव्हता. आन् ऑगस्ट २०२३ मध्ये पाकिस्तानात जडांवाल्याले जमावानं चर्च जाळले, ते वाचून मले दोन दिवस जेवण गेलं नाही. सूरह हजच्या ४० व्या आयतीत अल्लाहच्या नावाचे जे ठिकाणं वाचवाचे सांगतले, त्यात मठ, चर्च आन् यहुद्याचं प्रार्थनाघर पहिले येते, मस्जिद मागून.

आमच्या मौलाना साहेबांना मी म्हटलं, जुम्म्याच्या बयानात हे सांगा, पोट्टे मोबाईलवरून दीन (धर्म) शिकून राहिले. तुमीही नाताळच्या आठवड्यात पेपरात यावर लिहा, गावोगावी वाचतात.

आमच्याकडं ताट रिकामं परत देत नाहीत. दुसऱ्या दिवशी तुरीच्या शेंगा भरून पोरालेच पाठवलं, तो गेला त अर्धा तास आलाच नाही.

— एक वाचक, जि. यवतमाळ