“सगळे अरबच ना तिकडे?”

मेकनेस, मोरोक्को

ती. आई-आबांस, सा. न.

मी ठीक आहे. आई, जेवण वेळेवर होतं, डाळ-तांदूळ मिळतात, काळजी नको.

आबा, फोनवर तुम्ही विचारलंत, “सगळे अरबच ना तिकडे?” नाहीत. माझ्या घरमालकीणबाई अमाझिग आहेत, पुस्तकात ज्यांना बर्बर म्हणतात ते. हेच इथले मूळचे. अरबांच्या फौजा सातव्या शतकात आल्या. पण इथे आदराने नाव निघतं ते पैगंबरांच्या वंशातल्या इद्रीस या अरबाचं, आणि तो आला जीव वाचवत. ७८६ साली मक्केजवळच्या लढाईत त्याच्या घराण्याचा मोड झाला, तिथून पळून तो इकडे आला. अवरबा या अमाझिग जमातीने ७८९ मध्ये त्याला आपला प्रमुख मानलं. त्याची बायको कंझा त्यांच्यातलीच. दोन वर्षांत तो गेला, विष घातलं म्हणतात. मुलगा त्यानंतर जन्मला आणि आईच्याच माणसांत वाढला.

अरबी भाषा सपाटीवर रुजली ती बरीच पुढे, अकराव्या शतकापासून बनू हिलालसारख्या अरब टोळ्या बायकापोरांसह पश्चिमेकडे सरकत आल्या तेव्हा. डोंगरात अमाझिग भाषा टिकली. २०११ पासून ती राज्यघटनेतही आहे, हे बाईंनी मला दोनदा सांगितलं. इथल्या अरबीतही ती मुरलीय. किल्लीला सारूत म्हणतात, तो शब्द अमाझिगच. साबणाला मात्र साबून! तो अरबी शब्द, आपल्या साबणासारखाच.

एक रीत अजून उलगडत नाही. जिन्यात भेटलं की “लाबास?” म्हणजे, काही वाईट नाही ना? उत्तरही “लाबास.” मग तब्येतीचं लाबास, घराचं, कामाचं, आईवडिलांचं. दोघांनी एकदमच विचारायचं, उत्तरासाठी थांबायचं नाही. मी पहिल्यांदा खरंच आबांचा गुडघा सांगत बसलो, तर बाई पावाची पिशवी पायरीवर ठेवून ऐकत राहिल्या. आता रोज गुडघ्याचं वेगळं लाबास असतं.

“तिकडचाच होशील” म्हणतेस, आई. तसं काही नाही. इद्रीसला परतायला वाट नव्हती, मला आहे.

करार एक वर्ष वाढवलाय, सांगायचं राहिलं होतं. पन्नास हजार पाठवलेत. आधी सोसायटीचा हप्ता भरा, उरतील ते गुडघ्याला. ताईच्या साखरपुड्याला मला रजा नाही, हॉलचा खर्च माझ्याकडे. तिला तुम्हीच सांगा. नको, रविवारी मीच फोन करतो. आणि कऱ्हाडच्या स्थळाला माझ्यासाठी थांबवू नका.

तुमचा,
बाळू