‘जिप’मागचे लोक

संपादक महाशय,

‘टॅक्सीवाल्यानं जिप केलं,’ असं अमेरिकेतला भाचा परवा फोनवर म्हणाला. जिप करणे म्हणजे लुबाडणे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे रूढ झालेलं हे क्रियापद बहुधा ‘जिप्सी’वरून आलं, आणि ‘जिप्सी’ आला ‘इजिप्शियन’वरून, कारण युरोपीयांना ही भटकी माणसं इजिप्तची वाटली. प्रत्यक्षात या रोमा लोकांचे पूर्वज भारतातले. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’ आणि माणसाला ‘मनुष’ म्हणतात. म्हणजे अख्ख्या जमातीला लबाड ठरवणारा हा शब्द आपल्याच लांबच्या भाऊबंदांवर बेतलेला! भाच्याला हे सांगितलं, तर म्हणाला, ‘मामा, मला वाटलं, पँटच्या झिपवरून असेल.’

— एक वाचक, पुणे