दिवाणजी, तुमच्या पट्ट्या कामी आल्या

आदरणीय दिवाणजींस,
सा. न. वि. वि.

पत्र उघडं लिहितोय, कारण मार्केट यार्डातल्या चार दुकानदारांनी ते वाचावं अशी इच्छा आहे. तुम्हाला ते आवडणार नाही, ठाऊक आहे.

२०२४ च्या जूनअखेर आपल्या अडत दुकानाला प्राप्तिकर खात्याची कलम १४३(२) ची, म्हणजे विवरणपत्राच्या तपासणीची, नोटीस आली. कर निर्धारण वर्ष २०२३-२४. प्रश्न सरळ होता. बँकेत कोट्यवधी जमा, विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवलेली अडत, म्हणजे सौद्यावरचं आपलं कमिशन, मात्र त्या मानाने चिमूटभर. मग बाकीचा पैसा कोणाचा?

हळदीच्या सौद्याला बसणाऱ्याला याचं उत्तर पाठ असतं. खरेदीदाराची रक्कम आपल्या खात्यात येते, अडत कापून उरलेली शेतकऱ्याला जाते. पण आता तपासणी फेसलेस. समोर अधिकारी नाही, चहा नाही, 'साहेब, आमच्या धंद्याची रीतच अशी' म्हणायची सोय नाही. पोर्टलवर कागद चढवायचे आणि जे काय बोलायचं ते कागदानेच बोलायचं. एका अर्थी बरंच झालं म्हणा. बाबांसारखं गोड बोलणं मला कुठे जमतंय!

आपल्या सीएंनी प्रत्यक्ष कर मंडळाचं १७ मार्च १९८६ चं परिपत्रक क्र. ४५२ शोधून काढलं. कच्च्या अडत्याची उलाढाल म्हणजे फक्त त्याची अडत, मालाची किंमत त्यात धरायची नाही, असं त्यात आहे. मात्र आपण कच्चे अडते आहोत, माल स्वतः घेऊन विकत नाही, हे दाखवायचं कशाने? तिथे तुमच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, कामी आल्या. एक तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही: १२ पोती, ६ क्विंटल २० किलो, दर ७,१००. खाली अडत, हमाली, तोलाई वेगवेगळी, शेतकऱ्याची सही, आणि पाठीला टाचलेली खरेदीदाराच्या बिलाची प्रत. तिच्यावरही दर ७,१००च. दोन्ही कागदांवर दर एकच, म्हणजे मधला नफा आपला नाही. अशा पट्ट्यांचे गठ्ठे तारीखवार लावलेले होते. स्कॅन करणारा पोरगा वैतागला, पण त्याला शोधावं काहीच लागलं नाही.

किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, प्रत्येक रकमेपुढे तुम्ही 'बाबत' आणि 'हस्ते' लिहायचात. रोकड बँकेतून कोणी आणली, कोणाला दिली, सगळं त्याच दिवशी, त्याच शाईत. उचल २० हजारांवर गेली की चेकच, मग समोरचा कितीही जवळचा असो. भाऊजींनी दिलेल्या हातउसन्या रकमेवरही प्रश्न आला, कारण कलम ६८ खाली पैसे देणारा कोण, त्याची ऐपत काय आणि व्यवहार खरा का, हे आपणच दाखवायचं असतं. तुम्ही ३१ मार्चला त्यांच्याकडून सही करून घेतलेला खातेउतारा पॅन नंबरासकट फायलीत होता. तेव्हा भाऊजी रुसले होते. 'घरच्या माणसाकडून सह्या?' म्हणत होते. परवा त्यांनाच हे सांगितलं तर हसले.

पेट्रोल पंपाच्या गुळगुळीत पावत्यांची झेरॉक्सही तुम्ही जोडून ठेवलेली. मूळ पावत्या कोऱ्या झाल्यात.

दाखवलेलं उत्पन्न जसंच्या तसं मान्य झालं. आदेशाची प्रत सोबत पाठवतोय, कारण ती तुमचीही आहे. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा आम्ही शाल-श्रीफळ दिलं, चार शब्द बोललो. पण तुमच्या कामाचं मोल मला तेव्हा पुरतं कळलेलं नव्हतं. दिवाणजी, मनापासून आभार.

आता एक काम. माळ्यावर जुनी दप्तरं फार साठलीत. करातून सुटलेलं उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर कर निर्धारण वर्ष संपल्यावर सव्वापाच वर्षांपर्यंत जुनं प्रकरण उघडता येतं, असं सीए म्हणतात. त्यापलीकडची काढावीत का? गुढीपाडव्याला दुकानी याल तेव्हा बघून सांगा. तोवर रद्दीवाल्याला जिना चढू देत नाही.

आपला,
धाकटा मालक
(तुम्ही हाक मारायचात तसाच)